स्व. नर्तक, सकाळी ६.५०

खडू वाचवायचा, एवढाच विचार त्या सकाळी संजयराव ओव्हाळांच्या मनात होता. 'स्वर्गीय' हा शब्द अख्खा लिहायचा, की नुसतं 'स्व.' लिहून टिंब द्यायचं, एवढाच प्रश्न. त्यांनी टिंब दिलं. आणि त्या एका टिंबापायी सकाळी सव्वासात ते पावणेआठ या अर्ध्या तासात त्यांच्या हातून एक चांगला, धडधाकट, चहा पीत बसलेला माणूस मेला. (तो नंतर चालत आला, ते सोडा. संजयरावांची अब्रू काही चालत परत आली नाही.)

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला पाहिजे. संजयराव पिंपरीकडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर्स क्लार्क होते. वॉशर असो की बेअरिंग, 'ओव्हाळ म्हणतायत आहे, म्हणजे आहे,' असा त्यांचा लौकिक. त्यांनी मान हलवल्याशिवाय गेटमधून साधा खिळा बाहेर जात नसे. मग देशात उदारीकरण आलं, कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरच म्हणायला लागला, 'आहे' नि 'नाही'. दोन हजार एक साली संजयरावांच्या हातात व्हीआरएसचा फॉर्म आला. वय वर्षं एक्कावन्न. सही करताना त्यांना वाटलं, चला, आता घरी आराम.

घरी आराम होता, पण किंमत नव्हती. पत्नी आम्रपालीबाई शाळेत मुख्याध्यापिका. मुलगी मैत्री हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. सकाळी कंपनीची बस यायची आणि तिला घेऊन जायची. दोघी बाहेरच्या जगातल्या. संजयराव म्हणायचे, "सिलिंडर संपत आलाय." की आम्रपालीबाई उठून सिलिंडर हलवून बघायच्या. ते म्हणायचे, "बाहेर भुरभुर आहे." की मैत्री खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. ज्या माणसाच्या शब्दावर ट्रक हलायचे, त्याच्या शब्दावर घरात छत्रीसुद्धा हलत नव्हती. बोलायचे नाहीत, पण हे त्यांना लागायचं. फार लागायचं.

अशा वेळी माणूस काय करतो? डबे लावतो. संजयरावांनी स्वयंपाकघराचं स्टोअर्स केलं, एकेका डब्याला लेबल लावलं.

"अहो, हे 'मी. (बा.)' म्हणजे काय?" आम्रपालीबाईंनी विचारलं.

"मीठ, बारीक."

"आणि 'ह. डा.'? हरभरा डाळ की हळद, डावीकडची?"

"संदर्भानं कळतं."

"मी आमटी करतेय, कोडं सोडवत नाहीये. उद्यापासून सकाळी बागेत जा. लांबच्या बागेत."

संजयराव वारजेच्या अलीकडच्या टेकडीपायथ्याच्या बागेत जायला लागले, ते असे.

या बागेत दोन जमाती होत्या, हसणारे आणि बघणारे. हसणारे म्हणजे हास्यक्लब. रोज साडेसहाला लॉनवर गोल करून उभे राहायचे आणि सचिव माधवरावांनी शिट्टी वाजवली की काहीही कारण नसताना हसायचे. माधवराव निवृत्त पोस्टमास्तर, स्वतः कधी हसलेले कुणी पाहिले नव्हते. बघणारे म्हणजे पक्षीनिरीक्षक. हे बांबूच्या बेटाकडं, गळ्यात दुर्बिणी अडकवून, श्वास रोखून उभे. यांनी श्वास रोखला की तिकडून 'हाऽ हाऽ हाऽ' यायचं आणि झाडावरचं सगळं उडून जायचं. त्यामुळं दोन्ही जमातींत बोलणंचालणं नव्हतं, तक्रारअर्ज होते.

बघणाऱ्यांच्या प्रमुख नीरजाताई. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या, आणि समोरचा माणूस त्याच विषयाचा भाग आहे अशा नजरेनं बघणाऱ्या. त्यांचा एक नियम होता, 'एकट्यानं पाहिलेला पक्षी पाहिलेला नसतो.' दुसरा साक्षीदार असल्याशिवाय नोंद नाही. अपवाद फक्त दोन जुन्या सभासदांचा. त्यांचा एकट्याचा शब्द चालायचा. वर्षाच्या शेवटी ताई पक्ष्यांच्या यादीची एक पुस्तिका छापायच्या. त्यात दुर्मिळ पक्ष्यासमोर पाहणाऱ्याचं नाव यायचं.

संजयरावांना दुसरं काही नको होतं. त्या पुस्तिकेत एका ओळीत, 'नोंद: संजय ओव्हाळ.' छापील. घरी टेबलावर सहज पडलेली. मैत्रीनं सहज उचललेली. बस्स.

पण दोन वर्षांत त्यांची कमाई म्हणजे साळुंकी, बुलबुल, कोतवाल. एकदा तर त्यांनी दुर्मिळ घुबड म्हणून सगळ्या ग्रुपला अर्धा तास एका फांदीखाली उभं केलं. ती कुणाची तरी अडकलेली कानटोपी निघाली. "ओव्हाळ," नीरजाताई म्हणाल्या, "कानटोप्यांची आपण नोंद ठेवत नाही." तेव्हापासून संजयरावांनी कावळा दाखवला तरी लोक आधी दुर्बीण लावून खात्री करायचे. म्हणजे घरच्यासारखंच झालं.

आणि मग ती नोव्हेंबरातली सकाळ. सहा पन्नास. थंडीमुळं बघणाऱ्यांपैकी बाकी कुणी आलेलं नव्हतं. संजयराव बांबूसमोरच्या बाकावर हात चोळत बसले होते, आणि समोरून तो आला. पांढराशुभ्र. डोकं काळंभोर, चकचकीत, त्यावर तुरा. आणि मागं हातभर लांब शेपटीच्या दोन पांढऱ्या फिती, हवेत सुटलेल्या. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि बांबूत शिरला. स्वर्गीय नर्तक! या बागेत दहा वर्षांत कुणाला दिसला नव्हता. संजयरावांना रडू आलं. खरंच आलं. त्यांनी मैत्रीनं दिलेला तिचा जुना मोबाइल काढला आणि नीरजाताईंचा नंबर लावला.

"ताई! स्वर्गीय नर्तक! नर! पांढरा!"

"एकट्यानं पाहिलात?"

"हो, पण..."

"मग पाहिलेला नाही. मी पावणेआठपर्यंत पोचते. तोवर त्याला हलू देऊ नका. आणि फळ्यावर वेळ टाका, कुणी आलं तर साक्षीला होईल."

बागेच्या दाराशी एक फळा होता. त्याच्या डाव्या अंगाला बघणाऱ्यांनी पक्षी लिहायचे, उजव्या अंगाला हसणाऱ्यांनी वाढदिवस, सहली, सुविचार. त्या दिवशी डाव्या बाजूला नीरजाताईंनी आदल्या संध्याकाळीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'शेजारी पक्षी आहेत. हसायचे असल्यास घरी हसावे.' जागाच नव्हती. खडूही बोटाच्या पेराएवढा उरला होता. संजयरावांनी स्टोअर्सच्या सवयीनं, मोजक्या शब्दांत, उजव्या अंगाला सुबक लिहिलं:

स्व. नर्तक
स. ६.५०, बांबूचे बेट
दर्शन ८ पर्यंत
गर्दी व गोंगाट करू नये

खाली रेघ मारली. दोन पावलं मागं होऊन पाहिलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. समाधानानं ते धावत बांबूकडं परतले.

आता तुम्ही म्हणाल, सत्तावीस वर्षं लिखापढी केलेल्या माणसाला एवढं कळू नये? तर त्याला कारण आहे. ओव्हाळांच्या घरात गेलेल्या माणसाला 'स्वर्गीय' म्हणत नाहीत. छप्पन साली वडिलांनी धम्म घेतला, तेव्हापासून घरात कुणी स्वर्गात जात नाही. भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याखाली 'कालकथित सोनबा ओव्हाळ'. पत्रिकांवर, फलकांवर, नातलगांच्या तोंडात, सगळीकडं 'कालकथित'. 'स्व.' हे अक्षर पाहिलं की बाकी पुण्याच्या काळजात जे धस्स होतं, ते संजयरावांच्या होत नव्हतं. त्यांच्या लेखी 'स्व.' म्हणजे स्वर्गीय, आणि स्वर्गीय म्हणजे पक्षी.

आणि दुसरी गोष्ट तर त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हास्यक्लबात रंगराव नावाचे एक सभासद होते. मूळचे वारजे गावातले शेतकरी, वय शहात्तर, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, आणि केसांना काळाकुट्ट कलप. हसण्याचा कार्यक्रम संपला की हे गडी दोन्ही हात वर करून गोलात नाचायचे, आणि मग सगळे नाचायचे. म्हणून माधवरावांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'नर्तक'. अख्खा क्लब त्यांना पाठीमागं 'नर्तक' म्हणायचा. तोंडावर रंगराव. त्यात रंगराव तीन दिवस आलेलेच नव्हते. मांजरी गावी बहिणीकडं उसाच्या कामाला गेले होते.

सव्वासातला हसून झालं आणि हास्यक्लब सुविचार वाचायला फळ्यापाशी आला.

माधवरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. डोक्यावरची टोपी काढली. मग बाजूला जाऊन रंगरावांच्या घरी फोन लावला. फोन रंगरावांच्या मंडळींनी, मथुराबाईंनी उचलला.

"रंगराव आहेत का घरात?"

"न्हाईत. काल रातच्याला आलं मांजरीवरनं. पहाटंच बागंत गेल्यात. का वं?"

माधवरावांनी काढलेली टोपी छातीशी धरली. पस्तीस वर्षं टपालखात्यात काढलेला माणूस, वाईट बातमी कशी द्यायची हे त्यांना माहीत होतं. म्हणजे कमीत कमी शब्दांत. "वहिनी," ते म्हणाले, "ताबडतोब या. बांबूपाशी."

इकडं संजयराव बांबूसमोर राखण करत उभे होते. त्यांना पाच-दहा मिनिटांत माणसं येताना दिसली. एक नाही, दोन नाही, पंचवीस-तीस! आणि चक्क हास्यक्लब! माना खाली, पावलांचा आवाज नाही, कुणी कुणाशी बोलत नाही. दोघांच्या हातात तर फुलं होती. (ती बागेतलीच तोडलेली होती, हे त्यांच्या स्टोअर्सच्या नजरेनं टिपलं, पण अशा दिवशी त्यांनी ते मनावर घेतलं नाही.) त्यांचा ऊर भरून आला. शेवटी कला कला असते, पक्षी पक्षी असतो, त्यांच्या मनात आलं. हसणाऱ्यांनासुद्धा कळतं.

माधवराव पुढं झाले. हलक्या आवाजात म्हणाले, "आधी कुणी पाहिलं?"

"मी!" संजयराव म्हणाले. चेहऱ्यावरचा आनंद काही केल्या त्यांना लपवता येईना. (माधवराव पुढं महिनाभर सांगत होते, 'आणि चेहरा कसा? मुलगा झाल्यासारखा!')

"एकटेच होते?"

"एकटेच होते," संजयराव म्हणाले. माधवराव एवढ्या अदबीनं बोलतायत म्हटल्यावर त्यांचीही पक्ष्याला अरे-तुरे करायची छाती झाली नाही. "कधी कधी जोडीनं असतात. आज जोडी नव्हती."

"त्यांचे गुडघे दुखतात हो," मागून दुर्गाबाई नावाच्या एक सभासद पुटपुटल्या. कुणाचे गुडघे, हे संजयरावांच्या लक्षात आलं नाही. बायका आपापसात बोलतात, त्यांनी सोडून दिलं.

"कसे दिसत होते?" माधवरावांनी विचारलं.

"काय सांगू साहेब! आपादमस्तक पांढरेशुभ्र. डोकं तेवढं काळंभोर, चमकत होतं नुसतं."

"कालच कलप लावला असणार," माधवराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. संजयरावांना तो विनोद वाटला. ते मनापासून हसले. तीस जणांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"आणि मागं ते पांढरं लांब लोंबत होतं, हे एवढं!" संजयरावांनी हात पसरले.

दुर्गाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या पदरातून "सुटलं असेल हो, घाईत" एवढंच बाहेर आलं.

"त्रास वगैरे झाला का?"

"छे! अगदी आनंदात. इथं, या इथं दोन गिरक्या घेतल्या, आणि सरळ आत."

"म्हणजे नाचता नाचताच," माधवराव मागं वळून लोकांना म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. असं मरण यायला भाग्य लागतं, असं कुणीतरी म्हणालं, पण ते शेवटच्या रांगेत.

"आम्हाला बघता येईल?"

"आत्ता नको. कुणी पुढं जाऊ नका, पानसुद्धा हलवू नका. नीरजाताई येतायत. त्यांनी पाहिलं की रीतसर नोंद होईल. दोन साक्षीदार लागतात."

"पंचनामा," माधवरावांनी मागं कळवलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण नीरजाबाई कशाला? त्यांचं तर आमच्याशी वाकडं."

"वाकडं?" संजयराव म्हणाले. "अहो, त्या बाईंनी दहा वर्षं वाट पाहिलीय! रोज पहाटे इथं येऊन बसतात त्या, एकदा तरी डोळे भरून बघायला मिळावं म्हणून!"

एवढा वेळ शांत असलेल्या गर्दीतून एक बारीक लाट गेली. "दहा वर्षं?" "नीरजाबाई?" "म्हणून ते तक्रारअर्ज!" दुर्गाबाईंनी पदर तोंडावरून काढला आणि दुःख बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि आपल्याला वाटायचं, त्या पक्षी बघतात."

हे ऐकून तरी संजयरावांनी थांबायला हवं होतं. पण त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा तीस माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती, त्यांचा प्रत्येक शब्द झेलत होती, आणि एकानंही खात्री करायला मान वर केली नव्हती. त्यांच्या एकट्याचा शब्द चालत होता. असं असताना कोण थांबतो?

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

रिक्षातून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. नऊवारी लुगडं, केस अर्धे विंचरलेले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्या आरडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवत, लंगडत, सरळ संजयरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. मान वर करून त्यांनी संजयरावांकडं पाहिलं.

"सायेब, तुमीच व्हता का मालकांजवळ?"

"कुणाच्या मालकांजवळ?" संजयराव म्हणाले.

"माज्या. शेवटाला पानी पाजलं का वं कुनी त्यास्नी?"

संजयरावांनी माधवरावांकडं पाहिलं. "या कोण?"

"मथुराबाई. रंगरावांच्या मंडळी," माधवराव हळूच म्हणाले. "आपल्या नर्तकांच्या. तुम्हीच नाही का फळ्यावर लिहिलंत?"

फळा. संजयरावांच्या डोळ्यांसमोर फळा आला. सुबक अक्षरातला, शुद्धलेखनाची चूक नसलेला. स्व. टिंब. दर्शन ८ पर्यंत. बत्तीस वर्षं पुण्यात राहून जे धस्स कधी झालं नव्हतं, ते सगळं थकबाकीसकट एकदम झालं. समोर ती म्हातारी उत्तराची वाट बघत उभी, तिचा तो एक अनवाणी पाय, आणि त्या पायाला लागलेली चिखलाची रेघ. 'आई, चूक झाली माझी, तो पक्षी होता,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. वाक्य येईना.

आणि नेमका तेव्हा तो बांबूतून निघाला.

संजयरावांच्या डोक्यावरून, मथुराबाईंच्या डोक्यावरून, खाली माना घातलेल्या तीस डोक्यांवरून, पांढऱ्या फिती सोडत तो पलीकडच्या करंजाच्या फांदीवर जाऊन बसला. स्वच्छ उन्हात. असा बसला की आंधळ्यालाही दिसावा. आणि संजयराव... हे त्यांनी आजवर आम्रपालीबाईंनासुद्धा सांगितलेलं नाही. त्या क्षणी ते म्हातारीला विसरले. एक क्षणभर, पण साफ विसरले. साक्षीदार! तीस साक्षीदार! त्यांचा हात आपोआप वर गेला आणि ते आनंदानं ओरडले,

"ते बघा! ते बघा आले परत!"

सगळी गर्दी गर्रकन मागं वळली. त्यांच्या बोटाच्या रेषेत, करंजाच्या झाडाखाली, मान खाली घालून, हात जोडून, डोळे मिटून रंगराव उभे होते.

त्यांचं असं झालं होतं. बागेत यायच्या वाटेवर, त्यांच्या जुन्या मळ्यावर आता सात मजली सोसायटी उभी होती. तिथल्या वॉचमनशी त्यांची दोस्ती. तीन दिवसांनी भेट झाली म्हणून चहा झाला, चहावर गप्पा झाल्या, उशीर झाला. बागेत येऊन बघतात तर सगळा क्लब गप उभा. कुणीतरी गेलेलं दिसतंय म्हणून भला माणूस मागच्या मागं उभा राहिला, आणि कोण गेलं हे न विचारताच मनापासून हात जोडले.

कोण ओरडलं म्हणून रंगरावांनी डोळे उघडले. तीस माणसं त्यांच्याकडं बघत होती.

"माज्याकडं काय बघताय?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "मयत तिकडं हाय न्हवं?"

मथुराबाई लंगडत लंगडत त्यांच्यापाशी गेल्या. त्यांच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, ओढून बघितली. मग दंडाला हात लावून बघितला. आणि मग त्या दंडावर एक सणसणीत फटका हाणला.

"कुटं मेला व्हता इतका येळ!"

एवढं बोलून त्या मटकन तिथंच गवतात बसल्या आणि आता मात्र हमसून हमसून रडायला लागल्या. रंगराव गोंधळून त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. "आगं, च्या प्यायला गेल्तो. एक कप च्या," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. माधवरावांनी शिट्टी वाजवलेली नसताना अख्खा हास्यक्लब हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि जन्मात पहिल्यांदा माधवरावही हसले. त्या आवाजानं करंजावरचा पक्षी उडाला आणि टेकडीपलीकडं गेला. तो कुणीही पाहिला नाही. संजयरावांनी पाहिला, पण ते मोजायचं कारण नव्हतं.

पावणेआठला नीरजाताई दुर्बीण सावरत पोचल्या. त्या काही विचारायच्या आत दुर्गाबाईंनी त्यांना मिठी मारली. "मन घट्ट करा, ताई. आहेत. जिवंत आहेत. पण आता त्यांच्या बायकोसमोर काही बोलू नका."

नीरजाताईंनी स्वतःला सोडवून घेतलं. सगळी हकिकत शांतपणे ऐकली. फळ्यापाशी जाऊन फळा वाचला. परत आल्या.

"दुसऱ्या कुणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

संजयरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मग पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. आणि दुर्बीण गळ्यातून काढत म्हणाल्या, "ओव्हाळ, कानटोपी बरी होती."

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या डाव्या अंगाला नवी सूचना होती, 'पक्ष्यांची नावे पूर्ण लिहावीत. संक्षेपाने माणसे दगावतात.' हे संजयरावांना मैत्रीकडून कळलं, कारण ते स्वतः बागेत गेलेच नाहीत. मैत्रीला तिच्या ऑफिसातून कळलं होतं. हास्यक्लबातल्या कुणाचा तरी मुलगा हिंजवडीतच होता. त्यानं सगळा प्रकार ई-मेलवर लिहून चाळीस जणांना फॉरवर्ड केला होता. "बाबा, बेंगलोर ऑफिसमधून रिप्लाय आलाय," मैत्री म्हणाली. मग बापाचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं आणि गुपचूप त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला. ते जास्त वाईट होतं.

दोन दिवस संजयराव भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. डोळे मिटले की तो अनवाणी पाय दिसायचा. 'पानी पाजलं का वं कुनी?' आणि आपण काय केलं? बोट दाखवलं. झाडाकडं.

तिसऱ्या दिवशी आम्रपालीबाई शाळेतून आल्या, पर्स न ठेवताच म्हणाल्या, "उठा. शर्ट बदला. वारजेला जायचंय."

"कशाला? मारतील."

"मारू देत. चूक तुमची आहे. चला, मी येते बरोबर."

रंगरावांच्या घरी दार मथुराबाईंनीच उघडलं. संजयरावांनी रिक्षात पाठ केलेलं सगळं विसरून सरळ वाकून त्यांच्या पायांना हात लावला. दोन्ही पायांत आता चपला होत्या. "माफ करा, आई," ते म्हणाले.

"आवं, उठा, उठा," मथुराबाई म्हणाल्या. "ल्येकराच्या वयाचं तुमी. जित्ता मानूस हाय घरात, ह्येच लई झालं. त्या दिवसापास्नं च्या प्यायला जाताना सांगून जात्यात मला. चाळीस वर्सं सांगत व्हते, ऐकत न्हवते." आणि त्या आम्रपालीबाईंना हात धरून आत घेऊन गेल्या.

रंगराव बाहेरच्या खोलीत पलंगावर ऐसपैस बसले होते. त्यांनी संजयरावांना शेजारी बसवून घेतलं. त्यांना राग नव्हताच. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक तकाकी आलेली होती.

"आपल्या माघारी काय बोलत्यात, कुनाला ऐकाया मिळतंय?" ते म्हणाले. "माधवराव माज्यासाटी टोपी काढून हुबा व्हता म्हनं! तीस मान्सं आली! फुलं आनली! मला तर वाटलं व्हतं, धा-बाराच्या वर कोन येनार न्हाई."

"तरी पण रंगराव, माझ्याकडून फार मोठी..."

"सोडा हो. आन त्यो पक्षी खरा व्हता का?"

"खरा होता," संजयराव म्हणाले. "शपथेवर सांगतो. पांढरा, लांब शेपटीचा. तुमच्या डोक्यावर, करंजावर बसला होता."

"आसंल की. आमच्या आंब्यावर यायचे थंडीचे. मळा व्हता तवा." रंगरावांनी मान हलवली. "माजा इस्वास हाय तुमच्या शब्दावर."

संजयरावांनी मान वर केली. तीन वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. डोळे भरून आले. त्यांनी रंगरावांचा हात दोन्ही हातांत घेतला. "रंगराव, तुमच्यासाठी काहीही सांगा. मी करीन."

रंगराव जरा पुढं सरकले. आत बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"येकच करा," ते म्हणाले. "मी खराखुरा जाईन ना, त्या दिशी फळ्यावर तुमी लिवू नका. तुमी लिवलं, तर लोकं दुर्बिनी घिऊन येतील."